टाळ्या नक्की कशासाठी?

18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम बायका मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद करा, एका नवऱ्याला चार बायकांची मुभा नको, सगळ्या भारतीय बायकांना एकच कायदा लावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना निवेदन दिलं. या सातजणींना एकत्र आणणारे हमीद दलवाई महाराष्ट्राला ठाऊक आहेत. सातजणींपैकी एक असलेल्या त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा मात्र बहुतेकांच्या लेखी 'हमीदभाईंची बायको' एवढ्यावरच राहिल्या, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मेहरुन्निसा पुण्याच्या, उर्दू बोलणाऱ्या घरातल्या. हमीदभाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, राष्ट्र सेवा दलात वाढलेले मराठी कथाकार. रीतीप्रमाणे निकाह लागला, आणि पुढे दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोंदणीही केली. 1954च्या या कायद्याखाली नवऱ्याला तीनदा एक शब्द उच्चारून बायकोला घराबाहेर काढता येत नाही, ती हयात असताना दुसरी बायकोही करता येत नाही. पुढे रस्त्यावर जे मागितलं, ते या जोडप्याने आधी स्वतःच्या घरात लागू करून घेतलं होतं. लोकांना उपदेश करण्याआधी स्वतःचे हात असे बांधून घेणारे सुधारक आपल्याकडे फार थोडे झाले.

22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी नातं सांगणारं हे नाव विचार करूनच घेतलेलं होतं. हमीदभाई गावोगाव हिंडत होते, शिव्या खात होते, आणि घर चालत होतं ते मेहरुन्निसांच्या नोकरीवर. चळवळींच्या इतिहासात भाषणांच्या तारखा सापडतात. कार्यकर्त्याच्या घरचं रेशन कोणाच्या पगारातून भरलं जात होतं, याची नोंद क्वचितच होते.

मूत्रपिंडाच्या आजाराने 3 मे 1977 रोजी हमीदभाई गेले, तेव्हा ते अवघे 44 वर्षांचे होते. कोणताही धार्मिक विधी न करता विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार व्हावेत, ही त्यांची इच्छा होती. बिरादरीचा रोष पत्करून ती पाळली गेली. एवढं सोसल्यावर मेहरुन्निसा थांबल्या असत्या तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्या थांबल्या नाहीत.

1985 साली देशभर शाहबानो प्रकरण पेटलं. नवऱ्याने तलाक दिलेल्या इंदूरच्या या वृद्धेला उच्च न्यायालयाने दरमहा 179 रुपये 20 पैसे पोटगी ठरवून दिली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये तो हक्क कायम केला. एवढ्याशा रकमेवरून धर्म बुडाल्याची ओरड सुरू झाली. त्याच वर्षी सत्यशोधक मंडळाने कोल्हापूरहून नागपूरपर्यंत तलाक मुक्ती मोर्चा काढला. मेहरुन्निसा त्यात होत्या, टाकलेल्या बायका होत्या, आणि बहिणीचा संसार तोंडी तलाकने मोडलेला पाहून या कामात उतरलेले सय्यदभाईही होते. वाटेत कडवा विरोध झाला. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने संसदेत नवा कायदा करून त्या निकालाची धार बोथट केली. मतांच्या हिशेबापुढे म्हाताऱ्या बाईचे 179 रुपयेसुद्धा जड झाले.

या वाटेवरच्या माणसांना दोन बाजूंनी सोसावं लागतं. घरचे घरभेदी म्हणतात, हे दुःख उघड दिसतं. बाहेरचे टाळ्या वाजवतात, आणि त्या टाळ्या नेहमीच प्रामाणिक नसतात. हमीदभाईंच्या सभांनाही अशा टाळ्या मिळाल्या. मुसलमानांवरची त्यांची टीका आवडीने ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना हिंदू जमातवादावरची त्यांची टीका नको असे. ते मात्र दोन्ही बाजूंना तितक्याच परखडपणे बोलत राहिले.

बर्लिनमध्येही हेच घडतं. सेरान आतेश ही तुर्कस्तानात जन्मलेली वकील. 1984 साली, विद्यार्थिदशेत, ती क्रॉइत्सबर्ग भागात तुर्की बायकांच्या सल्लाकेंद्रात काम करत असताना एका माणसाने आत येऊन गोळ्या झाडल्या. सल्ल्यासाठी आलेली बाई गेली, सेरान जबर जखमी होऊनही वाचली. 2017 साली तिने एका चर्चच्या आवारात मशीद उघडली. तिथे स्त्री-पुरुष एकत्र नमाज पढतात आणि बाईही नमाजाचं नेतृत्व करते. तुर्कस्तान आणि इजिप्तमधल्या धर्मसंस्थांनी निषेध केला, आणि तिला पोलिसांच्या पहाऱ्यात वावरावं लागलं. तिने धर्म सोडला असता तर अनेकांना ते सोयीचं झालं असतं, इकडच्यांना आणि तिकडच्यांनाही. तिला मात्र मुसलमान राहूनच हक्क हवेत.

भारतात 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तिहेरी तलाक रद्द ठरवला. मेहरुन्निसा त्याच वर्षी 8 जूनला गेल्या होत्या. पहिल्या मोर्चाला एक्कावन्न वर्षं झाली होती, आणि निकाल पाहायला त्यांना आणखी अडीच महिनेही मिळाले नाहीत. 2019च्या कायद्याने असा तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद केली. त्या वेळी, न्यायालयात तिहेरी तलाकच्या विरोधात उभ्या राहिलेल्या 'बेबाक कलेक्टिव'च्या हसीना खान आणि त्यांच्या साथीदारांनी या शिक्षेला हरकत घेतली. नवरा तुरुंगात गेला तर बायको-मुलांना पोटगी देणार कोण, हा त्यांचा साधा प्रश्न होता. कालपर्यंत त्यांचं कौतुक करणाऱ्या कितीतरी जणांना तो ऐकायचाच नव्हता. त्यांना मुस्लिम बाईची तक्रार हवी होती, तिचं मत नको होतं.

कल्याणच्या वाचकाला या विषयासाठी बर्लिन गाठायला नको. दूधनाक्याच्या आसपास कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, हमीदभाईंसारख्याच कोकणी घरांची. आणि धीम्या लोकलने ठाण्याकडे निघालं की दिव्यानंतर मुंब्रा येतं. 1992-93च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो कुटुंबं तिथे येऊन राहिली. डोंबिवली-कल्याणच्या लाखो माणसांनी मुंब्रा फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं.

याच मुंब्र्यात सबाह खान आणि त्यांच्या 'परचम' या संस्थेतल्या मैत्रिणींनी मुलींचा फुटबॉल सुरू केला. खेळायला जागा नव्हती, म्हणून मुलींनी सह्या गोळा करून आपल्यासाठी मैदान राखून ठेवण्याची मागणी लोकप्रतिनिधींकडे नेली. घरच्यांची समजूत काढली, बुरखा घालून येणारीलाही संघात घेतलं, हिंदू आणि मुसलमान मुली एका संघातून खेळल्या. तलाकच्या बातमीवर तावातावाने बोलणाऱ्यांचा या मागणीशी काही संबंध येत नाही, कारण तिच्यात कोणाच्या धर्माला नावं ठेवण्याची सोय नाही. मैदान मागणारी मुंब्र्याची मुलगी आणि पोटगी मागणारी शाहबानो यांचं भांडण मात्र एकच आहे, आणि दाटलेलं कल्याण-डोंबिवलीही मुलींच्या मैदानांच्या बाबतीत काही श्रीमंत नाही.