स्वतःशी बोलावे, पण खरे बोलावे

माणूस दिवसभरात सर्वांत अधिक बोलतो तो स्वतःशीच. चुलीपाशी उभी असलेली गृहिणी, विरार लोकलच्या दारात लोंबकळणारा चाकरमानी, दवाखान्याच्या बाकावर आपल्या क्रमांकाची वाट पाहणारा वृद्ध, या सर्वांचे ओठ मिटलेले असले तरी आत संभाषण चालूच असते. ‘माझ्याने हे होणार नाही’, ‘माझ्याच वाट्याला हे का?’ अशा वाक्यांची तेथे वर्दळ असते. ही वाक्ये बदला म्हणजे जीवन बदलेल. ‘मी निरोगी आहे’, ‘मी यशस्वी आहे’ असे रोज सकाळी आरशासमोर म्हणा, हा उपदेश पुस्तकांतून, शिबिरांतून आणि आता मोबाईलवरील प्रभातसंदेशांतून आपल्या घराघरांत पोहोचला आहे. पुष्कळदा त्याला देवाच्या नावाची जोडही दिलेली असते. भाविक आम्हांला विचारतात, ‘फादर, हे म्हणावे की म्हणू नये? ही प्रार्थना आहे की स्वतःची फसवणूक?’ प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तरही तसेच शोधावयास हवे.

या पद्धतीच्या आधुनिक प्रवर्तकांमध्ये एमिल कुए (१८५७–१९२६) या फ्रेंच औषधविक्रेत्याचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. नान्सी शहरात त्याच्याकडे रुग्णांची रीघ लागत असे. आपण दिवसेंदिवस सर्व बाबतींत सुधारत आहोत, अशा आशयाचे एक वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस वेळा पुटपुटावे असे तो सांगे. आणि मोजणी चुकू नये म्हणून वीस गाठी मारलेली दोरी हाती घ्यावयास लावी. जपमाळ ओढणाऱ्या आपल्या वाचकांना ही दोरी ओळखीची वाटेल. पण मणी ओढणारा कोणाशी तरी बोलत असतो; गाठी मोजणारा स्वतःलाच ऐकवत असतो. हा भेद लहान नव्हे.

त्याच्याही सुमारे पंधरा शतके आधी जॉन कॅसियन याने इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांची शिकवण लिहून ठेवली. त्यांतील आब्बा इसहाक एकच ओळ अहोरात्र मनात घोळवावयास सांगतात. ती सत्तराव्या स्तोत्राच्या आरंभीची, देवाला मदतीसाठी त्वरेने येण्याची विनवणी करणारी आहे. भूक लागो, झोप उडो, राग येवो, मन प्रसन्न असो, ओळ तीच. धर्मगुरू आणि व्रतस्थ आजही आपल्या नित्य प्रार्थनेचा प्रारंभ याच ओळीने करतात. तेव्हा एखादे वाक्य पुनःपुन्हा उच्चारून मनाला वळण लावणे ख्रिस्तसभेला परके नाही. प्रश्न पुनरुच्चाराचा नसून, आपण काय उच्चारतो याचा आहे.

‘मी निरोगी आहे’ हे वाक्य घ्या. धडधाकट माणसाने ते म्हटले तर त्याचे काही बिघडत नाही. पण कर्करोगाने खंगलेल्या भगिनीच्या उशाशी बसून कोणी तिला हेच वाक्य शिकवतो, आणि गुण येत नाही तेव्हा म्हणतो, ‘तुझा विश्वास कमी पडला, तू मनापासून म्हटले नाहीस.’ झाले! रोगाचे ओझे होतेच, त्यावर अपराधाचे ओझे चढले. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो हिशेबच नाकारला (योहान, अध्याय ९). जो हिशेब प्रभूने नाकारला तो आपण सद्भावनेच्या नावाखाली पुन्हा मांडावा काय?

मानसशास्त्रही येथे सावधगिरीचा इशारा देते. जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात केलेले एक संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. आपण प्रेमास पात्र आहोत, अशा अर्थाचे वाक्य काही जणांना स्वतःशी म्हणावयास सांगितले गेले. ज्यांचा आत्मसन्मान मुळात चांगला होता त्यांना किंचित बरे वाटले. ज्यांचा खचलेला होता त्यांना उलट अधिक वाईट वाटले. कारण उघड आहे. ओठ एक म्हणतात आणि अंतःकरण त्याला साक्ष देत नाही. ज्याला औषधाची खरी गरज, त्यालाच ते बाधावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

यावर कोणी म्हणेल, न दिसणाऱ्या गोष्टींची खात्री बाळगणे म्हणजेच श्रद्धा ना? मग बरे होण्याआधीच ‘मी बरा झालो’ म्हणण्यात गैर काय? आमचे उत्तर असे की, श्रद्धा देवाच्या विश्वासूपणाविषयी ठामपणे बोलते, आपल्या प्रकृतीच्या किंवा पगाराच्या आकड्याविषयी नव्हे. ‘मी देवाचे लेकरू आहे’ हे बाप्तिस्म्याने मिळालेले सत्य आहे. ते मी म्हटल्याने खरे होत नाही आणि म्हणावयास विसरलो तरी खोटे ठरत नाही. नोकरी गेलेल्या तरुणाला, परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलीला, अंथरुणाला खिळलेल्या आजीला ते सारखेच लागू पडते. जे वाक्य मरणशय्येवरही मागे घ्यावे लागत नाही, ते निर्धास्त मनाने जपावे.

बेचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता स्वतःच्याच जिवाशी बोलतो. तू एवढा खिन्न का, असे तो जिवाला विचारतो आणि देवाची आशा धरावयास सांगतो. पण त्याआधी आपले अश्रू तो लपवत नाही. संत पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, तो सोसण्यापुरती कृपा मिळाली. आणि मार्कच्या शुभवर्तमानातील त्या आजारी मुलाचा बाप! आपला विश्वास आहे असे तो म्हणतो, आणि त्याच श्वासात आपल्या अविश्वासावर मदत मागतो. त्याने अर्धे सत्य सांगितले नाही, आणि त्याचा मुलगा बरा झाला.

आणखी एक धोका आहे. ज्या घरात दारूपायी रोज मारहाण होते तेथील पत्नीने ‘माझे घर सुखी आहे’ असा जप करावा काय? मुळीच नाही. तिने आपले दुःख विश्वासाच्या माणसाजवळ बोलावे आणि मदत मागावी. आणि शेजाऱ्यांनी, धर्मग्रामाने तिच्या पाठीशी उभे राहावे. ‘देव मला टाकणार नाही’ हे वाक्य तिला दाराबाहेर पाऊल टाकण्याचे बळ देईल. ‘सर्व ठीक आहे’ हे वाक्य तिला आतच कोंडून ठेवील. पहिल्या वाक्यातून कृती जन्मते, दुसऱ्यातून केवळ मौन.

म्हणून दिवसासाठी एखादे छोटे वाक्य अवश्य निवडावे. ते खरे असावे, देवाकडे तोंड करून म्हटलेले असावे आणि हातापायांना कामाला लावणारे असावे. ‘प्रभो, तू सोबत आहेस, आजचे काम मी करीन’ एवढेही पुरे. सकाळी दूध तापेपर्यंत ते म्हणून होते. रात्री दिवा मालवण्यापूर्वी, दिवस त्या वाक्याला जागला का, हे शांतपणे पाहावे. नसेल जागला, तर क्षमा मागून उद्या पुन्हा तेच म्हणावे.