उपास कुणी धरायचा?

कराडजवळचं टेंभू हे आगरकरांचं गाव. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यानं मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ वर नेलं, तेव्हा टिळक म्हणत होते की परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये. आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. शाळेत इतिहास शिकवताना मी कायम आगरकरांची बाजू घेतली. म्हणून मोबाइलवरच्या घाणीपासून पोरांना वाचवायला कायदा हवा का, यावर मी वाद घालत बसत नाही. हवाच. मुलांचं लैंगिक चित्रण पसरवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब धरतं, ते बरंच आहे. ब्रिटननं जुलै २०२५ पासून अश्लील साइटवाल्यांना बघणाऱ्याचं वय तपासायला लावलं, तेही बरंच.

अडतं ते उंबऱ्याच्या आत. २०२३च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे १८च्या आतल्या मुलाची माहिती वापरायची तर पालकाची पडताळलेली संमती लागणार. आमच्या गल्लीतला सातवीतला पोरगा आजीजवळ राहतो. सिम आजीच्या नावावर. ओटीपी आला की वाचतो तोच, भरतो तोच. पेन्शन जमा झाली का, तेही आजीला तोच सांगतो. संमती कोण कुणाला देणार?

उंबऱ्याच्या आतला एक इलाज मला दिसतो. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. मूळ हेतू पोरांच्या अभ्यासाचा. करोनात हातात आलेला मोबाइल सुटेना म्हणून. मला त्यात धर्म दिसतो तो देवळामुळं नव्हे. भोंगा आईच्या मालिकेलाही लागू आहे, म्हणून. घरातल्या मोठ्यांनी एकादशी धरायची आणि पोरांनी बघून शिकायचं, ही आपली रीत. पोरांना उपाशी ठेवून मोठ्यांनी ताटावर बसायचं, असला उपास मी तरी ऐकला नाही. वयाची अट घालणारे कायदे मात्र नेमका असलाच उपास सांगतात.

"वहिनी, दारूलाही वयाची अट आहेच की," असं आमचे धाकटे भावजी म्हणतात. मुद्दा खोटा नाही. पण बाटली काही घरातल्या प्रत्येकाच्या उशाशी नसते. शिवाय भावजींच्या मित्रांच्या ग्रुपवर रात्री काय काय येतं, ते त्यांच्या पोराला त्यांच्याआधी कळतं. फोन चार्जिंगला लावायचं काम त्याच्याकडंच असतं.