गळतं एकाच्या घरात, छत बारा बिऱ्हाडांचं

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्यांच्या स्वयंपाकघरातल्या छताचा पोपडा ओट्यावर कोसळला. सकाळी मी वर गेलो तेव्हा त्या एकेक तुकडा उचलून घमेल्यात टाकत होत्या. छताकडे पाहिलं, तर हातभर लांबीच्या दोन सळया उघड्या पडल्या होत्या. बोट लावलं की गंजाचे पापुद्रे सुटून येत होते. "चार वर्षं झाली सांगून," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणतात, मॅडम, तुमच्या घरातलं आहे, तुम्हीच करून घ्या ना."

करून घेतलंच होतं त्यांनी, तेही दोनदा. आतून प्लास्टर, वर पुट्टी, त्यावर रंग. पण पाणी गच्चीतून उतरत होतं. आतून कितीही लिंपलं तरी ते थांबणार कसं?

त्या रविवारी पार्किंगमध्ये बैठक झाली. बारा बिऱ्हाडांपैकी सातजण आले. वॉटरप्रूफिंगचा आकडा ऐकला आणि तळमजल्यावरचे काकाजी उठून म्हणाले, "माह्या घरात तं नाई गयत. मंग मी काहून देऊ?" त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. त्या गप्प बसण्याची टोचणी अजून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

काकाजींचा प्रश्न वाईट मनातून आला नव्हता. दारव्हा रोड असो, आर्णी रोड असो, आपल्या यवतमाळातले बहुतेकजण वाड्यातून, स्वतःच्या प्लॉटवरच्या घरातून फ्लॅटमध्ये आले. स्वतःचं घर म्हणजे स्वतःच्या चार भिंती, हा हिशेब आपण सोबत घेऊन आलो. फ्लॅट विकत घेताना आपण चार भिंतींसोबत गच्चीचा, खांबांचा, जिन्याचा, ड्रेनेजच्या चेंबरचा वाटाही विकत घेतला, हे कुणाच्या मनावर ठसलंच नाही. वाटा तर घेतला, मग त्याची जबाबदारी नाकारायची कशी?

इमारत झिजते कशाने? काँक्रीटच्या आत सळई सुरक्षित असते, जोवर पाणी आणि हवा तिच्यापर्यंत पोचत नाही तोवर. एकदा गंज चढला की गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. आपल्याकडे याला निमित्तं भरपूर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, गच्चीचा स्लॅब तापून ताणला जातो, पहिल्या पावसात आकसतो आणि बारीक चिरा पडतात. खिडकीतल्या कूलरचं पाणी सगळा उन्हाळा छज्ज्यावर ठिबकत राहतं. २०१८ च्या टंचाईत निळोणा आणि चापडोह आटले, नळाला कित्येक दिवस पाणी येईना, तेव्हा आमच्या इमारतीत ज्याने त्याने गच्चीवर आपापली टाकी चढवली. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन. बारा टाक्या म्हणजे बारा टन, आणि त्याखालचा स्लॅब इतकं ओझं पेलायला बांधला होता का, हे कुणी इंजिनिअरला विचारलं नाही. टाक्या नंतरही तिथेच राहिल्या. त्यातल्या तीन ओसंडून वाहत होत्या. ते पाणी कोब्याखाली मुरत होतं आणि मॅडमच्या ओट्यावर उतरत होतं. त्या तीनपैकी एक टाकी माझी होती.

आणि काकाजींच्या घरात खरंच काही नाही का? त्यांचं मागचं दार दर पावसाळ्यात चौकटीत अडकतं. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग वर गेली आहे. आपली काळी माती कापसाला जितकी चांगली, तितकीच पायाला वाईट. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया खालच्या मुरमापर्यंत नीट नेला नसेल आणि एका कोपऱ्यातलं चेंबर बारा महिने झिरपत असेल, तर तिथली माती वेगळी फुगते, बाकीची वेगळी, आणि भिंत मधे चिरते. चेंबर बारा घरांचं, भेग मात्र एकट्या काकाजींची. ती बुजवायचा खर्च उद्या एकट्या काकाजींवर टाकला, तर तो आपल्याला न्याय वाटेल का?

पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत आपल्याच जिल्ह्यातल्या गावांनी रणरणत्या उन्हात माथ्यावर चर खोदले. माथ्यावर ज्याने कुदळ मारली, त्याच्या विहिरीला पाणी लागेलच असं नव्हतं; लागलं असतं ते पायथ्याच्या शेताला. तरी लोक गेले, कारण पाणी गट नंबर पाहून वाहत नाही, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. इमारतीलाही माथा आणि पायथा असतो. गच्चीत मुरलेलं पाणी आज तिसऱ्या मजल्याचा पोपडा पाडतं आणि उद्या खांबात उतरतं. खांब तर तळमजल्यातूनच गेलेले असतात.

कायद्याने ही गोष्ट केव्हाच मान्य केली आहे. महाराष्ट्राचा अपार्टमेंट मालकी कायदा १९७० चा, मुख्यमंत्री आपल्या पुसदचे वसंतराव नाईक असतानाचा. सामाईक खर्चात ज्याचा जेवढा टक्का, तेवढा त्याने द्यायचा. मी गच्ची वापरत नाही, मी इथे राहतच नाही, असं सांगून कुणालाही सुटता येत नाही, असं तो कायदा सांगतो. थकलेला वाटा त्या फ्लॅटवर बोजा होऊन बसतो. सोसायटी असेल तर आदर्श उपविधी आणखी स्पष्ट आहेत. गच्ची, बाहेरचे पाइप, ड्रेनेज आणि पावसाची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त व्हायची. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी संरचना तपासणी, त्याहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी. दुरुस्तीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी ०.२५ टक्के दर वर्षी. फ्लॅटचा बांधकाम खर्च १० लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाला १०,००० रुपये, म्हणजे महिन्याला साडेआठशेच्या आत. आम्ही महिन्याला तीनशे रुपये गोळा करत होतो आणि ते झाडूवाली, जिन्यातला दिवा आणि मोटारीचं बिल यातच संपत होते. अठरा वर्षं आम्ही इमारतीचे पैसे वाचवले नाहीत. ते मॅडमच्या छतावर उधार ठेवले.

बिल्डरचं काय, असं विचारलं जातं, आणि ते बरोबरच आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत, विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. ज्यांची इमारत नवी आहे त्यांनी या वर्षीची ओल पुढच्या वर्षावर ढकलू नये. फोटो काढा, बैठकीचा ठराव करा, सगळ्यांच्या सह्यांचं पत्र पोचपावतीसह द्या. एकट्याची तक्रार बिल्डर चहा पाजून परत पाठवतो.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आपल्या लपवाछपवीची. बैठकीत एक वाक्य हळू आवाजात हमखास येतं, "बाहेर बोलू नका, फ्लॅटचा भाव पडेल." मग भेगेवर पुट्टी फिरते, रंग चढतो आणि एखादं तरुण जोडपं वीस वर्षांचं कर्ज काढून ती भेग विकत घेतं. सातबारा न दाखवता शेत विकणाऱ्याला आपण काय म्हणतो? माहीत असलेली भेग झाकून घर विकणं त्याहून वेगळं नाही. आणि इमारत कोसळायला ती जुनीच असावी लागते असं नाही. महाडची तारिक गार्डन जुनी इमारत नव्हती, जेमतेम दशकभराची. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी ती पाचमजली इमारत बसली आणि १६ माणसं गेली. घाटकोपरच्या साईदर्शनमध्ये २५ जुलै २०१७ ला १७ जण गेले. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावला, असा रहिवाशांचा आरोप होता. ढिगाऱ्याखाली कोण तळमजल्याचा आणि कोण वरचा, हा फरक उरला नाही.

पैसे नसण्याचा प्रश्न खरा आहे. आमच्याकडे एका घरात पेन्शन हीच कमाई आहे, दुसऱ्या घरातला मुलगा वर्षभर बेकार आहे. त्यांचं थकबाकीदार म्हणून जिन्यात नाव लावणं हा अन्याय होईल. त्यांना हप्ते पाडून द्या, ज्यांची ऐपत आहे त्यांनी आधी भरावं आणि हिशेब वहीत राहू द्यावा. ज्याला जमत नाही आणि जो टाळतो, त्यांच्यात फरक करता आलाच पाहिजे. गणपतीच्या वर्गणीत आपण तो न बोलता करतो.

दुसऱ्या बैठकीआधी आम्ही ठेकेदाराला न बोलावता संरचना इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी काकाजींच्या भिंतीवरच्या भेगेवर काचेची एक पट्टी दोन्ही कडांना सिमेंटने चिकटवली आणि खाली पेन्सिलने तारीख लिहिली. भेग हलत असेल तर काच तडकेल, एवढंच सांगून ते गेले. काकाजी रोज सकाळी चष्मा लावून ती पाहत. एकोणिसाव्या दिवशी त्यांनीच माझं दार वाजवलं. काच मधोमध तडकली होती.

चेंबरचं काम आधी झालं, गच्चीचं नंतर. माझी टाकी मी उतरवली, बाकीच्या दोन अजून वाहत्या आहेत. दोन घरांचा वाटा यायचा आहे. कोबा झाल्यावर गच्चीवर दोन दिवस पाणी कोंडून ठेवलं होतं, तेव्हा मॅडमच्या स्वयंपाकघरात टॉर्च घेऊन आम्ही पाचजण वर बघत उभे होतो. काकाजी गुडघे धरत तीन जिने चढून आले होते.