पाय आला, हिशोब राहिला

पुतणीचा उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा ती नववीत होती. आमची उन्हाळी कांद्याची काढणी चालू होती. घरात थोरला मी. भाऊ पिंपरीला कंपनीत, त्याच्या पाळ्या बदलत्या. म्हणून पोरांचं दुखणंखुपणं माझ्याकडंच असायचं. खो-खो खेळताना मुरगळला असंल असं धरून मी तिला हाड बसवणाऱ्याकडं नेलं. त्यानं चोळलं, लेप दिला, पट्टी आवळली. पोर रात्री उठून रडायची. मी पडल्या पडल्या म्हणायचो, "थांब गं, एवढा कांदा चाकणला जाऊ दे." असे दोन महिने गेले.

शेवटी पिंपरीत फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "परळला टाटाला न्या. उशीर करू नका." हाडाचा कॅन्सर होता.

मग चिंचवडहून पहाटेची सिंहगड एक्स्प्रेस आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, हेच वर्षभर आमचं चाललं. १९४१ सालापासूनचा तो दवाखाना. आमच्यासारखे किती बघितले असतील त्यानं. तिथं कळलं, वाढत्या वयातल्या पोरांना हा आजार बहुतेक करून गुडघ्याजवळच होतो, आणि असली सूज चोळायची, आवळायची नसते. १९७७ साली कॅनडातल्या टेरी फॉक्स नावाच्या पोराचा पाय ह्याच आजारात कापावा लागला होता. आता गाठीनं मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा धरल्या नसतील तर पाय बऱ्याचदा राखता येतो. आमचा राखला. आधी औषधाच्या सलाइनी, मग मांडीच्या हाडाचं खालचं टोक गाठीसकट काढून धातूचा सांधा, मग पुन्हा सलाइनी. गुडघा वाकवायचा व्यायाम करताना पोर ओठ चावायची.

गेल्या कार्तिकीला ती मोशीहून आळंदीपर्यंत माझ्याबरोबर चालत आली. उकिडवं बसता येत नाही, पळायचं नाही, सांधा झिजला तर पुढं बदलावा लागंल. पण चालते.

लोक म्हणतात, "शेवट गोड झाला, आता कशाला मनाला लावून घेता?" मला हे पटत नाही. दोघांनी आपला फुटका बांध तसाच ठेवला. एकाच्या शिवारात पाऊस बेताचा झाला, दुसऱ्याच्या पाण्यानं शेजाऱ्याचं पीक वाहून नेलं. गाव दुसऱ्याला शिव्या देतं. पण आळस दोघांचा सारखाच. पोर वाचली हे डॉक्टरांचं आणि तिच्या जिद्दीचं. त्यानं माझे दोन महिने कसे पुसले जातील? मला आजार कळला नाही, हे कबूल. मी दहावी शिकलेला माणूस. पण रडणं ऐकू येत होतं. त्याला शिक्षण लागत नाही.

एकदा धीर करून तिला हे बोललो. ती म्हणाली, "तात्या, मी चालतीय ना आता?" मग जरा थांबून म्हणाली, "पण तेव्हा रात्री तुम्ही उठून आला असता तर बरं वाटलं असतं."

तिनं माफ केलंय. तरी ते वाक्य मी जपून ठेवलंय. वस्तीत कुणाचं पोर लंगडताना दिसलं की हातातलं काम टाकून विचारतो, "रात्री दुखतंय का? सूज किती दिवसांची? फोटो काढला का?" लोक हसतात. हसू देत.