दुखणारा गुडघा आणि पाहणारे मन

देहाचे लाड करू नयेत हे आपण कीर्तनातून लहानपणापासून ऐकत आलो. मग गुडघ्याचा सांधा बदलून घेतलेल्या माणसाला कोणी म्हणाले, “दुखते तिथेच लक्ष लावा,” तर ते उलटेच वाटते. देह विसरायचा की निरखायचा?

मलाही हा प्रश्न पडला. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे केले, पुढे गुडघा वाकवण्याचा व्यायाम लागला. व्यायाम घेणारी मुलगी दारात दिसली की माझा पाय ताठ! अजून तिने हातही लावलेला नसे. हे दुखणे गुडघ्यातले नव्हे. ते कालच्या आठवणीचे आणि उद्याच्या धास्तीचे. वारी चुकली, जन्म आता सुनेच्या जिवावर, हा सगळा मनाचा पसारा. भ्यालेला स्नायू आखडतो, आखडलेला पाय वाकत नाही, न वाकवलेला सांधा घट्ट होतो.

अमेरिकेत जॉन काबाट-झिन यांनी १९७९ साली बौद्ध ध्यानमार्गातून हा अभ्यास घेऊन रुग्णांना शिकवायला सुरुवात केली. निजून श्वास पाहावा, मग पायाच्या बोटांपासून एकेक अवयव. गुडघ्यापाशी आले की नुसते पाहावे: ऊब आहे, ओढ आहे, ठणका आहे, आता वाढला, आता ओसरला. ‘मेलो’ म्हणायचे नाही.

याने जखम भरत नाही, हेही सांगितले पाहिजे. गोळी वेळेवर घ्यावीच. पोटरी सुजली, ताप आला, जखम वाहू लागली, दम लागला, तर ध्यान बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरांना कळवावे. “गोळीशिवाय सोसले” असे सांगत फिरणे हा तर देहाचाच अभिमान, पाठीमागच्या दाराने आलेला.

कोणी विचारील, नाम असताना हे कशाला? खरे सांगतो, त्या दिवसांत मी नाम घेत होतो ते दुखण्यापासून पळण्यासाठी. ओठांवर विठ्ठल आणि दात आवळलेले. आता एका श्वासाला एक नाम घेतो, आणि पाय वाकतो तेवढा पाहतो. धास्तीला मात्र देहबुद्धी म्हणावे, पाहण्याला नव्हे, असे मला वाटू लागले आहे.

परवा गुडघा काटकोनात आला. मुलगी म्हणाली, “आजोबा, आज ओरडला नाहीत!” ओरडलो होतो की, पण तिने हात लावल्यावर.