देवभीरू घर आणि स्त्रीची स्वतंत्र श्रद्धा

ख्रिस्ती परंपरेत देवभीरू घर म्हणजे ज्या घरातील माणसे आपले व्यवहार, नाती आणि मिळकत देवाच्या अधिकाराखाली ठेवतात आणि कौटुंबिक उपासनेला, म्हणजे एकत्र बसून केलेल्या शास्त्रवाचनाला व प्रार्थनेला, दिनक्रमात निश्चित स्थान देतात असे घर होय. या घराची उभारणी बहुधा स्त्रीवर सोपवली जाते. परंतु तिची श्रद्धा तिने स्वतः पारखून स्वीकारलेली आहे की पतीच्या मागोमाग आपोआप आलेली आहे, हा त्यातील मूलभूत प्रश्न फारसा विचारला जात नाही.

पवित्र शास्त्राची साक्ष या बाबतीत स्पष्ट आहे. प्रेषितांच्या कृत्यांत जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया प्रेषित पौलाचा उपदेश ऐकून प्रथम स्वतः विश्वास ठेवते, घराण्यासह बाप्तिस्मा घेते, आणि त्यानंतर प्रेषितांना आपल्या घरी राहण्याचा आग्रह करते; तिच्या आतिथ्यामागे तिचा स्वतःचा निर्णय उभा आहे. पौलाचा सहकारी तीमथ्य याचा पिता ग्रीक होता, तरी पौल त्याच्या निष्कपट विश्वासाचा उगम त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासात पाहतो. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे तंबू बनवणारे दांपत्य तर आपल्या घरात मंडळी, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय, जमवीत असे, आणि विद्वान अपुल्लोसला देवाचा मार्ग अधिक नेमकेपणाने समजावून देण्याच्या कामात प्रिस्किल्लेचाही वाटा होता.

महाराष्ट्रात या तत्त्वाचे ठळक उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्रात आढळते. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. काही वर्षांच्या विरहानंतर त्या पतीकडे परतल्या तरी सोवळे, म्हणजे अन्नपाण्याच्या शुचितेचे व जातिभेदाचे नियम, पाळीत राहिल्या. जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने निर्माण केला आहे, अशी त्यांची स्वतःची खात्री झाली तेव्हाच ते बंधन गळून पडले, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या घरात निराधार मुलांना आसरा मिळाला. शाळेचे औपचारिक शिक्षण नसलेल्या या स्त्रीने पतीच्या निधनानंतर त्यांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही पूर्ण केले. श्रद्धेला लागलेला हा वेळ वाया गेला असे म्हणता येत नाही, कारण स्वतःच्या विवेकाशी झुंजून आलेल्या विश्वासानेच त्या घराचा चुलीपासून उंबऱ्यापर्यंतचा व्यवहार बदलला.

इफिसकरांस पत्रात पत्नीने पतीच्या अधीन असावे असे सांगितले आहे, हा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. मात्र त्याआधीचे वचन सर्वांना ख्रिस्ताच्या भयात परस्परांच्या अधीन राहण्याची आज्ञा देते, आणि पुढे तेच पत्र पतीवर ख्रिस्ताने मंडळीवर केलेल्या प्रेमासारख्या आत्मसमर्पक प्रेमाची जबाबदारी टाकते; म्हणून या अधीनतेचा अर्थ स्त्रीने आपली सद्सद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती देणे असा होत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आणि मरीया या बहिणींचा प्रसंगही हेच सुचवतो: मार्थेची सेवा तुच्छ नाही, परंतु प्रभूच्या चरणांशी बसून ऐकण्याचा मरीयेचा अधिकार स्वयंपाकाच्या कामासाठी हिरावून घेता येत नाही.

अशी श्रद्धा घराच्या चौकटीबाहेरही पोहोचते: महाराष्ट्रातच ख्रिस्ती समाजसेविका पंडिता रमाबाईंनी 1896 च्या दुष्काळानंतर केडगाव येथे शेकडो मुलींना आश्रय दिला आणि रक्ताच्या नात्याबाहेरही देवाचे कुटुंब उभे राहू शकते हे दाखवून दिले. घराचे पावित्र्य केवळ भिंतीवरील वचनांनी ठरत नाही. परक्याला ताटावर मिळणारा मान, मोलकरणीला वेळेवर दिली जाणारी मजुरी आणि मुलांसमोर मोकळेपणाने मागितलेली क्षमा यांतून ते पारखले जाते. म्हणून ज्या कुटुंबाला देवभीरू व्हायचे आहे त्याने आणि त्याच्या मंडळीने स्त्रीवर घराच्या धार्मिकतेचा भार टाकण्यापूर्वी तिला शास्त्राभ्यासाचा वेळ, प्रश्न विचारण्याची मोकळीक आणि स्वतःच्या निर्णयाचा अधिकार दिला पाहिजे, कारण जी श्रद्धा तिची स्वतःची नाही ती तिला मुलांच्या हाती सोपवता येणार नाही.