टपाचा खटका

आधी स्विचवरचं बोट उचला. बाकीचं सावकाश.

समजा, गाडी पोर्शे बॉक्स्टर आहे, पहिल्या पिढीची, म्हणजे वयाने पंचविशी ओलांडलेली. मार्च सरत आलाय, श्टुटगार्टला हिवाळ्यानंतरचं पहिलं खरं ऊन पडलंय आणि टप उघडायचा मोह काही आवरला नाही. हँडब्रेक ओढला, समोरच्या काचेच्या चौकटीवरची कडी हाताने सोडवली, स्विच दाबून धरला. मागचं झाकण उचललं गेलं, कापडी टप हलला, आणि डावीकडे कुठेतरी ‘टक्’ झालं. अडकित्त्यात सुपारी फुटते तेवढाच आवाज. उजवी बाजू वर निघाली, डावी मागे राहिली.

तो आवाज मनात पुन्हा एकदा ऐका. घाई नाही.

या गाडीत स्विच नुसता दाबून भागत नाही, दाबून धरावा लागतो. बोट उचललं की मोटर थांबते. साधारण 12 सेकंदांत टप उघडतो, आणि तेवढा वेळ सगळा भार त्या एका बोटावर असतो. मोटरला कान नाहीत. डावी बाजू सोबत येत नाहीये हे तिला कळत नाही. ती उजवीला ओढत राहील, सांगाडा पिळवटला तरी ओढत राहील. ऐकलं ते तुम्ही, थांबवलं ते तुमच्या बोटाने. चिडचिड सुरू व्हायच्या आधी एवढं ध्यानात घ्या, की आज मोठं काही बिघडलेलं नाही.

आता बसून राहा. डोक्यावर अर्धं आकाश, अर्धं कापड. मांडवाचा एक खांब खचावा तसा टप तिरपा उभा. येणारे-जाणारे बघतील. बघू द्या. खांदे सैल सोडा. श्वास मुद्दाम मोठा घेऊ नका, जसा येतोय तसा येऊ द्या.

‘टप’ हा शब्द जरा तोंडात घोळवून बघा. आपल्याकडे टप म्हणजे आधी एसटीचा, ज्यावर ट्रंका, सायकली आणि आंब्याच्या पेट्या चढायच्या. मुंबईच्या व्हिक्टोरियाचा टप मात्र घडीचा असे. दोन्ही बाजूंना कोपरासारखे वाकणारे लोखंडी दांडे. पाऊस आला की गाडीवान तो हाताने पुढे ओढायचा, ऊन कललं की मागे ढकलायचा. अडलं तर हाताला तिथल्या तिथे कळतं, आणि तो आपसूक थांबतो. (मुंबई आणि श्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. त्या करारात टपांचा उल्लेख नसावा.) मोटर आली तसं हाताचं हे कळणं सुटलं. आज दोन तास ते परत हातात घ्यायचं आहे.

उतरा. मागे जा. वाकून आत बघा, पण अजून कशालाही हात लावू नका.

बॉक्स्टर 1993 साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात नमुना म्हणून आली आणि 1996 मध्ये विक्रीला. तिचं इंजिन सीटांच्या पाठीमागे, आणि टप उघडला की घडी होऊन त्या इंजिनाच्याच वर निजतो. त्यामुळे इथे सगळं खेटून बसवलेलं आहे. मोटर एकच, मधोमध. तिच्यापासून दोन्ही कडांना एकेक लवचिक तार जाते, जुन्या स्पीडोमीटरच्या केबलसारखी आत गरगरणारी. ती कडेची छोटी गिअरपेटी फिरवते, गिअरपेटी दांड्याला हलवते, दांडा टपाच्या सांगाड्याला. नजर त्या वाटेने सावकाश न्या. मोटर, तार, पेटी, दांडा. दांड्याच्या टोकाशी थांबा. तिथे पोलादी गोळीवर बसलेली प्लास्टिकची वाटी असते. शाळेत आकृती काढून घेतात तो उखळीचा सांधा, खांद्यातला आणि खुब्यातला.

डावीकडची वाटी फुटली आहे. एवढंच झालंय.

तिचा निघालेला तुकडा खाली कपारीत पडला असेल. बोटांनी चाचपडून काढा आणि तळहातावर ठेवा. अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू. फुटलेल्या कडेवरून नख फिरवा. कड करकरीत आहे, ओढून लांबलेली नाही. म्हणजे तुटायच्या बऱ्याच आधी हे प्लास्टिक वाकायचं विसरलं होतं. खालून इंजिनाची धग, वरून हिवाळ्याची थंडी, आणि हे वर्षानुवर्षं. दोष द्यायचाच असेल तर पंचांगाला द्या.

तुकडा हातात आहे तोवर एक विचार करून बघा. ही वाटी पोलादाची असती तर फुटली नसती. मग तो जोर कुठे गेला असता? सांगाड्यात. वाटी बदलणं दुपारचं काम आहे, वाकलेला सांगाडा म्हणजे अख्खा टप उतरवणं. आपल्या कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह असाच. त्यातला मिश्रधातू लवकर वितळतो, म्हणून झाकण उडत नाही. रोटाव्हेटर चालवणाऱ्याला शिअर बोल्ट सांगावा लागत नाही. दगड लागला की बोल्ट तुटतो, गिअर वाचतो, आणि तो एक शिवी हासडून खिशातला दुसरा बोल्ट लावतो. बनवणाऱ्याचा हेतू काहीही असो, या वाटीनेही तेच केलं.

यातून आयुष्याबद्दल काही काढायचा मोह होईल. काढू नका. वाटी वाटीच राहू द्या.

अवजारं चादरीवर मांडा. सपाट तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, व्हर्नियर, नवी वाटी, थोडं ग्रीस, चिंधी. फार काही लागत नाही. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याची गाडी घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या, तेव्हा वाटेत तुंबलेली इंधनाची नळी त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली होती.

पुढची पायरी मनाला जड जाते. उजवी, शाबूत बाजूसुद्धा सोडवायची. स्क्रू ड्रायव्हरचं टोक वाटी आणि गोळी यांच्यामध्ये सरकवा, मनगटाने हलका पीळ द्या. वाटी गोळीवरून सुटते. जे चांगलं आहे त्याला कशाला हात लावायचा, असं आतून कुणीतरी म्हणेल. म्हणू दे. एक बाजू मोटरला बांधलेली आणि दुसरी मोकळी असताना टप हलवाल तर पुन्हा तोच पीळ पडेल, आणि या वेळी फुटायला डावीकडे वाटीही नाही.

दोन्ही सुटल्या की टपाला मोटरचा आधार उरत नाही. घरातलं कुणी बोलवा. तुम्ही डावीकडे, ते उजवीकडे. बोलायचं नाही, एकमेकांच्या हातांकडे बघायचं आणि एका पातळीत उचलायचं. वजन मनगटात येऊ द्या. सुरुवातीला जड, मध्यावर एकदम हलकं, मग टप पलीकडे जायला आपसूक ओढ घेतो. इतकी वर्षं स्विचने उघडलेल्या टपाचं वजन तुम्हाला आज पहिल्यांदा कळतंय.

खरं तर या टपाला हात अगदीच वर्ज्य कधीच नव्हता. 2002 पर्यंतच्या बॉक्स्टरची मागची खिडकी मऊ प्लास्टिकची असते आणि घडी वेडीवाकडी पडली तर तिच्यावर कायमची रेघ उमटते. म्हणून मालक मंडळी टप अर्ध्यावर थांबवतात, बाहेर येतात आणि तळहाताच्या कडेने खिडकीच्या मधोमध अलगद दाबतात, म्हणजे घडी हवी तिथेच बसते. त्याला गमतीने ‘बॉक्स्टर चॉप’ म्हणतात, कराटेवाल्यासारखा हात असतो म्हणून. विजेच्या टपाला दिलेला तो एक हात मला त्या 12 सेकंदांपेक्षा जास्त आवडतो.

आता मोजणी. वाटी दांड्यावर आट्यांनी बसलेली असते, आणि ती किती आत बसली आहे त्यावर दांड्याची लांबी ठरते. आधी उजव्या, शाबूत दांड्याची लांबी व्हर्नियरने मोजून कागदावर लिहा. मग डावीकडची फुटकी वाटी फिरवायला घ्या आणि फेरे मोजा. एक. वाटीवर पेनाने खूण केलेली असू द्या, ती पुन्हा वर आली की दोन. तीन. मोजताना मन दुसऱ्याच हिशेबाला लागतं, घरभाडं, सुट्ट्या, सोमवारची मीटिंग. लागलं तर लागलं. आकडा निसटला तर वाटी परत मूळ जागेपर्यंत आवळा आणि एकपासून सुरू करा. रागवायचं नाही. दोनदा निसटला तरी नाही.

मग नवी वाटी तितकेच फेरे आत. पुन्हा व्हर्नियर. फेरे आणि लांबी असे दोन साक्षीदार आहेत, त्यांची जबानी जुळली पाहिजे. नाही जुळली तर लांबीवर विश्वास ठेवा, कारण फेरे तुम्ही मोजलेत. एखाद-दुसऱ्या फेऱ्याचा फरक पडला तर टपाची एक बाजू काचेच्या चौकटीला आधी टेकते, दुसरी नंतर, आणि मग पावसाचं पाणी ती फट बरोबर शोधून काढतं.

वाटी गार लागत असेल तर मिनिटभर मुठीत धरा. ऊब आलेलं प्लास्टिक थोडं सोसतं. गोळीला ग्रीसचं बोट लावा. पकडीच्या दातांवर चिंधी गुंडाळा, वाटी गोळीवर सरळ धरा आणि हळूहळू दाब वाढवत न्या. काही होत नाही. अजून काही होत नाही. इथे झटका द्यावासा वाटतो. देऊ नका. मग एकदम ‘खट्’. मघाचा ‘टक्’ कोरडा होता, याच्या आवाजात ग्रीस आहे. वाटी बोटाने हलवून बघा, सगळीकडे फिरते पण निघत नाही. आता उजवी बाजू, तशीच.

आत बसा. हँडब्रेक ओढलेला आहे ना, बघा. कडी सुटलेली आहे ना. घरचं माणूस उजवीकडे उभं राहिलंय, त्याला मान हलवून विचारा. चावी फिरवा, इंजिन नको. स्विचवर बोट नुसतं टेकवा आणि क्षणभर तसंच राहू द्या.

दाबा. हवं तर डोळे मिटा. कान एकट्या डावीकडे लावू नका, दोन्हीकडे असू द्या. मोटर गुणगुणतेय. झाकण उचललं. एक. दोन. बोट हलकंच ठेवा.